नवख्या फॉरवर्डचा खरा हिशेब: पाचास पाच गडी असताना तो काय करतो?

मामा सांगलीहून पहिल्यांदा आमच्याकडे कॅनडात, मिसिसागाला आले ते ऐन जानेवारीत. बाहेर पडायची सोय नव्हती, म्हणून रोज संध्याकाळी आमच्याबरोबर आइस हॉकी बघत बसायचे. समालोचक 'पॉवर प्ले' म्हणाला की मामा सावरून बसायचे आणि विचारायचे, "पण वर्तुळ कुठंय?"

क्रिकेटच्या पॉवर प्लेत गडी दोन्हीकडे तेवढेच असतात, बंधन फक्त क्षेत्ररक्षण कुठे लावायचं याचं. इथे प्रकार वेगळा. एखाद्याने आडवी काठी घातली, ओढाओढी केली, तर तो दोन मिनिटं पेनल्टीच्या खोक्यात जाऊन बसतो आणि त्याचा संघ चारच गड्यांनिशी खेळतो (गोली, म्हणजे गोलरक्षक, सोडून). समोरचे पाच. ही दोन मिनिटं म्हणजे पॉवर प्ले. हे एकदा कळल्यावर चौथ्या दिवशी मामांनीच विचारलं, "मग समोरचा माणूस कमी असताना मारलेला गोल आणि पुरे असताना मारलेला गोल, दोन्हीला एकच भाव कसा?"

भाव एकच नाही, आणि नवखा खेळाडू जोखायचा असेल तर तो तसा लावूही नये. दर ऑक्टोबरला एखादं पोरगं लीगमध्ये येतं, वीस सामन्यांत गोलांचा सपाटा लावतं आणि ऑफिसातल्या पूलमध्ये, म्हणजे खेळाडू निवडून पैसे लावायच्या खेळात, सगळे त्याच्यामागे धावतात. मीही धावलो आहे, पैसेही घालवले आहेत. त्यानंतर जी वही ठेवायला लागलो, तिच्यातली पद्धत इथे देतो.

आधी 'रुकी' कोणाला म्हणतात ते बघा

एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली मोठी आइस हॉकी लीग. तिथे 'रुकी', म्हणजे नवखा, ही कागदावरची व्याख्या आहे, नुसत्या वयाची नव्हे. आधीच्या कुठल्याही एका हंगामात २५ पेक्षा जास्त सामने खेळलेले नसावेत, आधीच्या कोणत्याही दोन हंगामांत प्रत्येकी सहा किंवा जास्त खेळलेले नसावेत, आणि त्या हंगामाच्या १५ सप्टेंबरला वयाची २६ वर्षं पुरी झालेली नसावीत. वयाची अट आली ती सर्गेई मकारोव्हमुळे. सोव्हिएत संघात वर्षानुवर्षं मुरलेला हा गडी १९८९-९० मध्ये कॅल्गरीकडून खेळला आणि एकतिसाव्या वर्षी 'सर्वोत्तम नवखा' म्हणून कॅल्डर करंडक घेऊन गेला. लोकांना ते रुचलं नाही, नियम बदलला.

याचा हिशेबाशी संबंध असा: अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराचे आकडे आणि पंचविशी ओलांडलेल्याचे आकडे सारखे दिसले तरी पुढची अपेक्षा सारखी नसते. मायकल बंटिंगचा जन्म १७ सप्टेंबर १९९५ चा. २०२१-२२ मध्ये टोरोंटोकडून खेळताना तो अवघ्या दोन दिवसांच्या फरकाने रुकी ठरला. गंमत म्हणजे त्याच संघातल्या ऑस्टन मॅथ्यूजचा जन्मही १७ सप्टेंबरचाच, साल १९९७. त्याला हेच दोन दिवस आडवे आले: १५ सप्टेंबरची रेषा चुकल्यामुळे तो २०१५ च्या ड्राफ्टला, म्हणजे संघ नवी पोरं निवडतात त्या वार्षिक निवडीला, बसू शकला नाही, वर्षभर झुरिकला जाऊन मोठ्या माणसांत खेळला आणि २०१६ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. हे दोघे आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहेत.

वहीच्या पहिल्या ओळीत म्हणून मी नाव, वय आणि याआधी कुठे खेळला एवढंच लिहितो.

पहिली वजाबाकी: एकूण गोलांतून पॉवर प्लेचे गोल काढा

गंमत इथे आहे. २०१६-१७ चा हंगाम घ्या. टँपाच्या निकिता कुचेरोव्हने ४० गोल केले, टोरोंटोच्या नवख्या मॅथ्यूजनेही ४०. यादीत दोघे शेजारी-शेजारी. पण कुचेरोव्हच्या ४० पैकी १७ पॉवर प्लेवर आले, मॅथ्यूजच्या ४० पैकी फक्त ८. उरले ३२, आणि इव्हन स्ट्रेंग्थला, म्हणजे दोन्हीकडे सारखे गडी असताना, त्या हंगामात एवढे गोल अख्ख्या लीगमध्ये दुसऱ्या कोणीही केले नाहीत. सर्वाधिक गोलांचा करंडक सिडनी क्रॉस्बीला मिळाला, ४४ गोलांचा. त्यातले पॉवर प्लेचे १४ काढले की त्याचे राहतात ३०. एकोणीस वर्षांचं पोरगं क्रॉस्बीच्या पुढे!

दुसरं टोक फिलाडेल्फियाचा ब्रेडन शेन. त्याच हंगामात पॉवर प्लेवर त्याचेही १७ गोल, कुचेरोव्ह आणि ओव्हेचकिनच्या बरोबरीने लीगमध्ये सर्वाधिक. पण त्याचे एकूण गोल होते २५. म्हणजे साऱ्या हंगामात पॉवर प्लेबाहेर ८.

शेन काही वाईट खेळाडू नव्हता, आणि पॉवर प्लेवर गोल करणं ही हलकी कलाही नाही. पण पॉवर प्लेवर गोलांचा वेग पाचास-पाच खेळाच्या अडीचपटीहून जास्त असतो, आणि तिथे कोणाला उभं करायचं हे प्रशिक्षक ठरवतो. उद्या तो मोठ्या स्टारला आणेल, नवख्याला दुसऱ्या तुकडीत ढकलेल, आणि पॉइंट (गोलाला एक, गोलासाठी दिलेल्या पासाला म्हणजे असिस्टला एक) आटतील. सामन्याच्या साठ मिनिटांपैकी सुमारे पाचांतले चार भाग पाचास-पाच खेळले जातात. रोजचं जेवण ते, पॉवर प्ले हे सणाचं ताट.

ही वजाबाकी करायला फार शोधावं लागत नाही. एनएचएलच्या स्वतःच्या आकडेवारीच्या पानावर गोल आणि पॉवर प्लेचे गोल शेजारच्या रकान्यांत असतात. शॉर्टहँडेड, म्हणजे आपला गडी कमी असताना केलेले गोलही वेगळे काढा; ते मोजकेच असतात.

'इव्हन स्ट्रेंग्थ' या शब्दात काय काय लपतं

या पायरीवर भले भले घसरतात. लीगच्या हिशेबात इव्हन स्ट्रेंग्थ म्हणजे फक्त पाचास पाच नव्हे. दोन्हीकडे एकेक पेनल्टी असताना चारास चार, तेही त्यात. बरोबरीनंतरच्या पाच मिनिटांच्या जादा वेळेत २०१५-१६ पासून तीनास तीन खेळतात, तेही त्यात. शेवटच्या मिनिटांत गोली काढून सहावा गडी आणलात आणि गोल झाला, तोही त्यात. समोरच्याने गोली काढला आणि तुम्ही रिकाम्या जाळीत पक, म्हणजे हॉकीची चकती, सरकवलात, तोसुद्धा त्यातच.

तीनास तीनच्या मोकळ्या बर्फावर वेगवान पोरगं सुसाट सुटतं. रिकाम्या जाळीबद्दल तर काय बोलावं. आमच्या सोसायटीत गल्ली क्रिकेट खेळताना किपर पाणी प्यायला गेला असताना काढलेल्या बाईज कोणी मोजायचं नाही, पण इथे मोजतात. म्हणून शक्य असेल तिथे 'पाचास पाच' हा गाळणीचा पर्याय निवडून वेगळा आकडा घ्या. नॅचरल स्टॅट ट्रिक या संकेतस्थळावर ही गाळणी सरळ मिळते आणि वापरायला पैसे पडत नाहीत.

मिनिटांनी भागा

सामन्यांनी भागू नका, मिनिटांनी भागा. सूत्र शाळेतलंच: पॉइंट भागिले मिनिटं, गुणिले साठ.

समजा दोन नवखे आहेत. पहिला ६० सामन्यांत पाचास-पाच खेळात सरासरी १२ मिनिटं बर्फावर असतो. म्हणजे ७२० मिनिटं. त्याचे पॉइंट २४. दर साठ मिनिटांना बरोबर २. दुसऱ्याला रोज १५ मिनिटं मिळतात, ९०० मिनिटांत त्याचे पॉइंट २७. वर्तमानपत्रात दुसरा पुढे. पण त्याचा दर १.८. प्रशिक्षकाने पहिल्याला तीन मिनिटं वाढवून दिली तर काय होईल, हा प्रश्न विचारण्यासारखा.

ठोकताळा म्हणून लक्षात ठेवा: फॉरवर्डचा पाचास-पाच दर दोनच्या वर गेला की तो पहिल्या फळीच्या (फळी म्हणजे एकत्र उतरणारे तीन फॉरवर्ड) लायकीचा, दीडच्या आसपास मधल्या फळीचा. नवखा दोनला टेकला तर बातमी आहे.

आता पॉइंटही सोलून बघा. हॉकीत एका गोलाला दोन असिस्ट देता येतात. शेवटचा पास देणाऱ्याला एक, त्याच्या आधीच्याला एक. तो दुसरा असिस्ट कधी सुंदर असतो, कधी नुसता बदलीला बाकाकडे जाता जाता सरकवलेला पक. वरच्या पहिल्या पोराच्या २४ पैकी ७ जर असे दुसरे असिस्ट असतील तर उरतात १७, दर १.४२. अजून ठीक आहे, पण हुरळून जायचं कारण नाही.

नशिबाचा भाग: शॉट आधी, टक्केवारी नंतर

२०१६-१७ मध्ये टोरोंटोत मॅथ्यूजचं कौतुक चाललेलं असताना विनिपेगमध्ये पॅट्रिक लायने नावाच्या फिनलंडच्या पोराने ७३ सामन्यांत ३६ गोल ठोकले. मनगटाचा फटका असा की गोलीने पक पाहिलाच नाही. दोघांत उजवा कोण यावर तेव्हा तावातावाने वाद झडायचे.

शॉट मोजा. मॅथ्यूज: ८२ सामन्यांत २७९ शॉट, त्यातले १४.३ टक्के गोल. लायने: ७३ सामन्यांत २०४ शॉट, १७.६ टक्के. सामन्यामागे ३.४ विरुद्ध २.८. लायनेची टक्केवारी मॅथ्यूजइतकी असती तर त्याचे ३६ चे २९ झाले असते. टक्केवारी हंगामागणिक वरखाली होते. शॉट घ्यायला जागा शोधण्याची खोड मात्र अंगात मुरलेली असते, ती सहसा जात नाही. पुढच्या हंगामात लायनेने ४४ गोल केले खरे, पण त्यातले २० पॉवर प्लेवर, आणि त्यानंतर तो कधी त्या उंचीवर गेला नाही. मॅथ्यूजने पुढे एका हंगामात ६० आणि एकदा ६९ गोल केले.

मॅथ्यूजच्या त्या पहिल्या हंगामातही १३ सामन्यांचा दुष्काळ पडला होता, एकही गोल नाही. टोरोंटोच्या रेडिओवर लोक फोन करकरून रडत होते. शॉट मात्र चालूच होते. गोल थांबले की शॉट थांबलेत का ते आधी बघा. शॉट चालू असतील तर पोराला सोडू नका.

दुसरी टक्केवारी जास्त फसवी: तो बर्फावर असताना त्याच्या अख्ख्या संघाने घेतलेल्या शॉटपैकी किती गोल झाले. पाचास-पाच खेळात ही साधारण ८ टक्क्यांच्या आसपास असते. समजा आपला नवखा बर्फावर असताना संघाने ३६० शॉट घेतले आणि ४० गोल झाले. झाले ११ टक्के. नेहमीच्या ८ टक्क्यांनी २९ झाले असते. मधले ११ गोल कुठून आले? काही त्याच्या पासमुळे, काही जोडीदारांच्या हातगुणाने, काही समोरच्या गोलीचा दिवस वाईट म्हणून. त्या ११ गोलांवरचे पॉइंट पुढच्या वर्षी परत येतीलच असं धरून चालू नका.

जोडीदार कोण?

मला या सगळ्यात सर्वांत आवडणारी आणि सर्वांत अवघड पायरी ही. जात्यावर दोघी बसल्या की पीठ कोणाच्या हाताने पडलं हे सांगता येत नाही, तसं फळीचं आहे.

बंटिंगकडे परत येऊ. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत अॅरिझोनाने घेतलेला, वर्षानुवर्षं दुय्यम लीगमध्ये घासलेला, त्यानंतर वर्षाला साडेनऊ लाख डॉलरवर टोरोंटोने उचललेला. २०२१-२२ मध्ये त्याला डाव्या विंगवर उभं केलं मॅथ्यूज आणि मिच मार्नरबरोबर. मॅथ्यूज त्या वर्षी ६० गोल करणार होता. बंटिंगचे ७९ सामन्यांत २३ गोल, ४० असिस्ट, ६३ पॉइंट. सगळ्या नवख्यांत सर्वाधिक. तरी कॅल्डरच्या मतदानात तो तिसरा आला. पहिला डेट्रॉइटचा बचावपटू मॉरित्झ सायडर, दुसरा अॅनाहाइमचा ट्रेव्हर झेग्रस. मत देणाऱ्यांनी वय पाहिलं आणि जोडीदार पाहिले.

पुढच्या वर्षी बंटिंगचे पॉइंट ६३ वरून ४९ वर आले. बघा, सांगितलं नव्हतं, असं म्हणणारे पुष्कळ होते. पण आकडा फोडा. असिस्ट ४० चे २६ झाले. गोल पुन्हा २३ च. गोलीच्या तोंडासमोर जाऊन उभं राहायचं, पाठीवर काठ्या खायच्या, सुटलेला पक आत ढकलायचा, हे त्याचं स्वतःचं होतं. मॅथ्यूजच्या गोलांवर मिळणारा वाटा तेवढा उसना होता.

आता उलट उदाहरण. २०१५-१६ मध्ये शिकागोकडे आर्तेमी पानारिन आला, वय चोवीस, रशियन लीगमध्ये तयार झालेला. ७७ पॉइंट, कॅल्डर करंडक. तक्रार तीच: शेजारी पॅट्रिक केन होता, ज्याने त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक, १०६ पॉइंट घेतले होते. कोणीही पॉइंट घेईल तिथे! २०१७ च्या उन्हाळ्यात शिकागोने पानारिनला कोलंबसला पाठवलं. तिथे केन नव्हता. पानारिनचे पॉइंट झाले ८२, आणि केन ७६ वर आला. जात्याचा खुंटा कोणाच्या हातात होता हे दोन वर्षांनी कळलं, तेही त्यांना वेगळं केल्यावर.

आपल्याला दोन वर्षं थांबायचं नाही, म्हणून संकेतस्थळावर 'सोबत' आणि 'विना' असे आकडे काढा: नवखा आणि स्टार दोघे असताना शॉटचा वाटा (दोन्ही संघांच्या शॉटपैकी आपले) किती, स्टार बाकावर आणि नवखा बर्फावर असताना किती, आणि नवख्याविना स्टार किती. तिसरा आकडा लोक विसरतात. नवखा बाजूला झाल्यावर स्टारचाही वाटा घसरत असेल तर पोरगं नुसतं पाहुणं नाही. 'विना'ची मिनिटं शे-दीडशेपेक्षा कमी असतील तर त्या आकड्यावर पैज लावू नका.

मॅथ्यूजच्या बाबतीत हा प्रश्न जवळजवळ उद्भवलाच नाही. २०१६-१७ च्या बऱ्याच काळात त्याच्या एका बाजूला झॅक हायमन होता, दुसऱ्या बाजूला विल्यम नायलँडर. दोघेही स्वतः नवखे. मागच्या वर्षी तळाला, तिसाव्या क्रमांकावर राहिलेला संघ, तीन रुकींची फळी, आणि तरी ३२ गोल. त्यांना कोणी उचलून धरलेलं नव्हतं.

समोर कोण होतं, सुरुवात कुठून झाली

इथे मात्र मॅथ्यूजच्या बाजूने मोठा हात होता. प्रशिक्षक माइक बॅबकॉक प्रतिस्पर्ध्यांच्या तगड्या फळीसमोर नाझेम काद्रीची फळी सोडायचे. पोरांना थोडी मोकळीक मिळाली. घरच्या सामन्यात शेवटची बदली करण्याचा हक्क यजमानांचा असतो, म्हणून नवख्याचे घरचे आणि बाहेरचे आकडे वेगळे लिहा. बाहेर तो कोसळत असेल तर प्रशिक्षक त्याला घरी झाकून ठेवतोय. फेसऑफ, म्हणजे पंचाने पक टाकून खेळ सुरू करणं, समोरच्याच्या गोलाजवळ किती आणि आपल्या गोलाजवळ किती, हेही बघावं. याचा परिणाम असतो, पण लोक सांगतात तेवढा नाही, कारण बहुतेक शिफ्ट, म्हणजे बदलीपर्यंतचे बर्फावरचे फेरे, चालत्या खेळातच सुरू होतात.

प्लस-मायनस (पॉवर प्ले सोडून, तो बर्फावर असताना आपण केलेले गोल वजा खाल्लेले गोल) या जुन्या रकान्यावर एकच वाक्य: २०२३-२४ मध्ये कॉनर बेडार्डने ६८ सामन्यांत ६१ पॉइंट घेऊन कॅल्डर जिंकला आणि त्याच्या नावापुढे होतं उणे ४४, कारण शिकागोचा संघच रसातळाला गेला होता.

आता खेळ बघा

वही मिटा आणि त्याच्या दहा शिफ्ट बघा, पकाकडे न बघता फक्त त्याच्याकडे. मॅथ्यूजचा पहिला सामना, १२ ऑक्टोबर २०१६, ओटावा. त्या रात्री त्याने चार गोल केले; आधुनिक एनएचएलमध्ये पदार्पणात असं कोणी केलं नव्हतं. त्यातला दुसरा शोधून बघा. पक घेऊन तो ओटावाच्या गड्यांतून वाट काढतो, पक सुटतो, एरिक कार्लसनकडे जातो. कार्लसन म्हणजे त्या काळचा लीगमधला सर्वोत्तम बचावपटू म्हणावा असा. एखादा नवखा हळहळत मागे फिरला असता. हा कार्लसनच्या काठीखालून पक पुन्हा काढून घेतो आणि अवघड कोनातून गोलीला चकवतो. पॉवर प्ले नाही, कोणाचा पास नाही. गेलेला पक तीन पावलांत परत मिळवणं, हीच गोष्ट पाचास-पाच खेळात पुन्हा पुन्हा गोल देते.

आणि तोच सामना शेवटपर्यंत बघा. टोरोंटो जादा वेळेत ५-४ ने हरलं. ज्या गड्याने विजयी गोल केला तो मॅथ्यूजच्या जबाबदारीचा होता, आणि नंतर पोराने ते स्वतः कबूल केलं. वहीत माझ्याकडे त्या रात्रीची नोंद आहे: "४ गोल. माणूस सोडला." दोन्ही लिहावं.

किती दिवसांनी मत द्यायचं

दहा सामन्यांवर काहीही ठरवू नका. वीस-पंचवीस सामने झाले की शॉटचा दर आणि मिनिटं यांवर थोडं बोलता येतं. गोलांच्या टक्केवारीवर तेव्हाही नाही. माझी रीत अशी: पंचविसाव्या सामन्यानंतर वहीत त्याचा पाचास-पाच शॉटचा दर, दुसरे असिस्ट वगळून पॉइंटचा दर आणि तो बर्फावर असतानाची संघाची टक्केवारी, एवढे तीन आकडे लिहायचे. पन्नासाव्या सामन्यानंतर तेच तीन त्यांच्याखाली. शॉट टिकले आणि टक्केवारी खाली आली तर पूलमध्ये आता त्याला घ्यायचा, कारण इतर लोक तेव्हाच त्याला विकत असतात. शॉट घटले आणि टक्केवारीने पॉइंट तरंगत ठेवले असतील तर ज्याला तो फार आवडतो त्याला देऊन टाकायचा.

मामा मार्चमध्ये परत गेले. आता सांगलीहून सकाळी चहाच्या वेळी फोन येतो, कारण इथली रात्र ती तिथली सकाळ. कोण जिंकलं हे विचारत नाहीत. "नवं पोरगं काय म्हणतंय?" असं विचारतात, आणि मी गोल सांगितले की लगेच पुढचा प्रश्न, "पाचास पाच किती?"